वजन उतरल्यावर उरलेली सैल कातडी आणि चिवट चरबी : काय करावे, काय टाळावे

वजन उतरल्यानंतर अंगावर उरलेली कातडी आणखी वजन उतरवून जात नाही. तीस-चाळीस किलो वजन मेहनतीने कमी केलेल्या अनेकांना ही गोष्ट वेळेवर कोणी सांगतच नाही. मग ओटीपोटावर लोंबणारा भाग म्हणजे उरलेली चरबीच आहे असे समजून ते रात्रीचे जेवण सोडतात, संकष्टी-एकादशीला आणखी दोन उपास जोडतात, पुण्यातल्या पर्वतीच्या पायऱ्या सकाळ-संध्याकाळ चढू लागतात, आणि एवढे करूनही पोट तसेच राहिले की दोष स्वतःला देतात. या खटाटोपात चरबीबरोबर स्नायूही झिजतात, चेहरा उतरतो, केस गळतात आणि आतला आधार कमी झाल्यामुळे कातडी पूर्वीपेक्षा अधिक लोंबू लागते. म्हणून उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी उरले आहे ते नेमके काय, हे ओळखावे, मग वजन स्थिर ठेवून स्नायू कमवावेत, दरम्यान कातडीच्या घड्यांची निगा राखावी, आणि शस्त्रक्रियेचा निर्णय त्यानंतरच घ्यावा.

उरले आहे ते काय?

उभे राहून ओटीपोटाचा भाग अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरावा. चिमटीत आलेली घडी पातळ, मऊ आणि सुरकुतलेली असेल, पुढे वाकल्यावर ती सुटी लोंबत असेल आणि पाठीवर आडवे झाल्यावर पसरून जवळजवळ दिसेनाशी होत असेल, तर ती मुख्यतः कातडी आहे. घडी जाड आणि भरीव लागत असेल आणि आडवे झाल्यावरही तिचा उंचवटा टिकत असेल, तर ती त्वचेखालची चरबी आहे. बहुतेकांच्या अंगावर दोन्ही असतात आणि त्यांचे प्रमाण जागेनुसार बदलते. बेंबीच्या वर नुसती कातडी, बेंबीखाली चरबी आणि दंडाखाली पुन्हा कातडी, असे चित्र नेहमी दिसते. त्यामुळे ही तपासणी प्रत्येक भागाची वेगळी करावी.

चिमटीत फारसे काही येत नाही आणि तरीही पोट पुढे आलेले व घट्ट आहे, असे असेल तर चरबी पोटाच्या आत, आतड्यांभोवती आहे. ती मोजपट्टीने ओळखावी. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पट्टी न आवळता घेर मोजावा. भारतीय पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. घेर त्याहून अधिक असेल तर आणखी वजन कमी करण्याला आरोग्याचे खरे कारण आहे, आणि ही चरबी आहार व चालण्याला तुलनेने लवकर दाद देते.

बाळंतपण झालेल्या स्त्रियांनी आणखी एक गोष्ट तपासावी, कारण ती बहुधा राहूनच जाते. पाठीवर झोपून गुडघे दुमडावेत, डोके आणि खांदे किंचित उचलावेत आणि बेंबीच्या वर-खाली मध्यरेषेवर बोटे आडवी ठेवून दाबून पाहावे. दोन बोटांपेक्षा रुंद फट जाणवत असेल तर पोटाचे उभे स्नायू एकमेकांपासून दूर सरकलेले असू शकतात. असे पोट ना कातडीमुळे पुढे दिसते, ना चरबीमुळे. पाठीवर झोपून धड वर उचलण्याचे (सिट-अप्ससारखे) पोटाचे जोरकस व्यायाम करून ही फट भरत नाही, उलट काही जणींचा फुगवटा त्याने वाढतो. फिजिओथेरपिस्टकडून पोटाच्या आतल्या थरातील स्नायूंचे व्यायाम शिकून घ्यावेत. खोकताना एखादी गाठ बाहेर येत असेल तर तो हर्निया असू शकतो, आणि त्यासाठी सर्जनकडेच जायला हवे.

कातडी आवळून का येत नाही

त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजन आणि इलॅस्टिन असे दोन प्रकारचे तंतू असतात. कोलॅजनमुळे त्वचेला बळकटी येते आणि इलॅस्टिनमुळे ताणलेली त्वचा पुन्हा जागेवर येते. कित्येक वर्षे ताण राहिला की हे तंतू तुटतात, विस्कळीत होतात, आणि प्रौढ वयात नवे इलॅस्टिन जवळजवळ तयारच होत नाही. त्यामुळे किती किलो उतरले एवढ्यावरच सगळे अवलंबून नसते. वजन किती वर्षे जास्त होते, वय काय, बाळंतपणे किती, तंबाखूचे व्यसन आहे का, उन्हात किती काम केले आणि आई-वडिलांकडून कशी त्वचा मिळाली, या सगळ्याचा परिणाम होतो. पंचविशीतल्या मुलाने वीस किलो कमी केले तर वर्षभरात त्याची कातडी बरीचशी सावरते. पन्नाशीतल्या स्त्रीने पन्नास किलो कमी केले तर ती तशी सावरेल अशी अपेक्षा ठेवणे तिच्यावर अन्याय करणारे आहे.

वजन स्थिर असतानाचे काम

उद्दिष्टाच्या आसपास पोहोचल्यावर किमान सहा महिने वजन दोन-तीन किलोंच्या आत स्थिर ठेवावे. लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी त्या शस्त्रक्रियेपासून साधारण बारा ते अठरा महिने थांबावे. या काळात त्वचा जेवढी आवळायची तेवढी आवळते, आणि पुढे शस्त्रक्रिया करायची ठरली तर सर्जनही याच स्थिरतेची अट घालतात. हा काळ नुसता वाट पाहण्यात घालवू नये.

पहिले काम प्रथिनांचे आहे. स्नायू कमावण्यासाठी वजनाच्या प्रत्येक किलोमागे दररोज 1.2 ते 1.6 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 65 किलोच्या व्यक्तीला किमान 78 ग्रॅम. आपल्या नेहमीच्या जेवणातून एवढी प्रथिने मिळणे शक्य आहे, पण त्यासाठी ठरवून वाढून घ्यावे लागते. दोन अंडी, वाटीभर मटकीची उसळ, शंभर ग्रॅम पनीर, एक मोठा पेला दूध, दोन लहान वाट्या दही, दोन वाट्या घट्ट वरण, दोन ज्वारीच्या भाकरी आणि मूठभर शेंगदाणे एवढे दिवसभरात पोटात गेले तर आकडा 75 ते 80 ग्रॅमपर्यंत जातो. अंडी न खाणाऱ्यांनी त्या जागी पिठले किंवा सोयाबीनच्या वड्यांची भाजी घ्यावी. खरी अडचण उपासाच्या दिवशी येते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, आणि आठवड्यातून दोन दिवस खिचडीवर काढणाऱ्याच्या स्नायूंना त्या दोन दिवसांत फार थोडे मिळते. उपास श्रद्धेचा असेल तर तो जरूर करावा, मात्र त्या दिवशी दूध, दही, पनीर, शेंगदाणे आणि राजगिरा यांवर भर द्यावा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

याच सुमारास रक्ताची तपासणी करून घ्यावी. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-12, ड जीवनसत्त्व, अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) आणि तीन महिन्यांची सरासरी साखर यांवरून पुष्कळ काही कळते. शाकाहारी माणसांत आणि लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झालेल्यांत बी-12 आणि लोह यांची कमतरता नेहमी आढळते, आणि अशा शरीरावरची जखम उशिरा भरते.

दुसरे काम वजने उचलण्याचे आहे. पुण्यात चालण्याची हौस मोठी आहे. तळजाई, वेताळ टेकडी, हनुमान टेकडी पहाटेपासून गजबजलेल्या असतात आणि रविवारी सिंहगडावर रीघ लागते. चालणे हृदयासाठी उत्तमच आहे, पण दंड, छाती, पाठ आणि नितंब यांवरची सैल कातडी आतून थोडीफार भरून निघायची असेल तर स्नायूंना भार द्यावा लागतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस बैठका, जोर, वजन ओढण्याचे आणि खांद्यावर उचलण्याचे व्यायाम, आठ ते बारा आवर्तनांचे दोन-तीन फेरे, आणि शेवटची दोन आवर्तने जड जातील एवढा भार, एवढे पुरेसे आहे. भार दर काही आठवड्यांनी थोडा वाढवत न्यावा. जिम नको असेल तर पेठांतल्या जुन्या तालमींतले जोर-बैठकाही हेच काम करतात. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसून उठण्यापासून सुरुवात करावी. वजन कमी करण्याची इंजेक्शने घेत असलेल्यांना हे विशेष आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण भूकच मेल्यामुळे त्यांच्या पोटात प्रथिने फार कमी जातात आणि उतरलेल्या वजनात स्नायूंचा वाटा मोठा होऊन बसतो.

घड्यांची निगा

सैल कातडीचा रोजचा त्रास दिसण्यापेक्षा घाम आणि घर्षण यांचा अधिक असतो, आणि संकोचामुळे त्याबद्दल बोलले जात नाही. पोटाच्या घडीखाली, स्तनांखाली, जांघेत आणि काखेत कातडीला कातडी लागून राहते. तेथे घाम साचतो, त्वचा ओलसर राहून लाल होते, तिला आग सुटते आणि मग बुरशीचा संसर्ग होतो. पुण्यात एप्रिल-मेमधल्या घामाने आणि जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत न वाळलेल्या कपड्यांमुळे हा त्रास वाढतो.

आंघोळीनंतर घडी हाताने उचलून आतली जागा मऊ सुती कापडाने टिपून घ्यावी, घासू नये. त्यानंतर दोन-तीन मिनिटे पंख्याखाली किंवा थंड हवेवर ठेवलेल्या हेअर ड्रायरने ती पूर्ण कोरडी करावी. दिवसा घडीत धुतलेल्या सुती कापडाची पट्टी ठेवावी आणि ओली झाली की बदलावी. पावडरचा जाड थर देऊ नये, कारण घामाने तिच्या गोळ्या होतात आणि त्याच टोचतात. टेकडीवर किंवा गडावर जाण्यापूर्वी मांड्यांच्या आतल्या बाजूला पेट्रोलियम जेलीचे बोट फिरवले तर कातडी सोलवटत नाही. पावसाळ्यात अंतर्वस्त्रे आतून इस्त्री फिरवून मगच घालावीत.

साडी नेसणाऱ्या स्त्रियांनी परकराच्या नाडीकडे लक्ष द्यावे. पोट मोठे असताना जेथे नाडी बसत होती तेथेच ती आता सैल घडीच्या मुळाशी रुतते. दिवसभर बारीक नाडीचा दाब आणि घाम एकाच रेषेवर राहिल्यामुळे तेथे काळपट, जाड वळ पडतो, खाज सुटते आणि कधी कातडी फाटते. नाडीऐवजी रुंद, मऊ पट्टीचा परकर शिवून घ्यावा, आणि बांधण्याची जागा दिवसाआड थोडी वर-खाली करावी. वळावर न भरणारी जखम किंवा गाठ दिसली तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्यास उशीर करू नये.

औषधांच्या दुकानातून नायट्याचे म्हणून मिळणारे मलम आणण्यापूर्वी ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचावीत. क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन हे नाव दिसले तर त्यात स्टेरॉइड आहे. त्याने दोन दिवसांत खाज थांबते, त्यामुळे औषध लागू पडले असे वाटते, पण बुरशी आत पसरत राहते आणि घडीतली आधीच नाजूक असलेली त्वचा आणखी पातळ होते. असे मलम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय लावू नये. पुरळ वारंवार येत असेल तर साखर तपासावी आणि प्रत्येक वेळी डॉक्टरांना दाखवून त्याची नोंद कागदावर ठेवावी. या कागदांचा उपयोग पुढे विम्यासाठी होतो.

चिवट चरबीबद्दल

चरबीच्या पेशींवर दोन प्रकारचे ग्राही, म्हणजे शरीरातल्या रासायनिक संदेशांना प्रतिसाद देणारे रेणू, असतात. बीटा प्रकारचे ग्राही चरबी मोकळी करण्यास मदत करतात आणि अल्फा-2 प्रकारचे ती रोखून धरतात. ओटीपोट, कंबर आणि मांड्या यांवर, आणि विशेषतः स्त्रियांच्या कमरेखालच्या भागावर, दुसऱ्या प्रकाराचे प्रमाण जास्त असते, म्हणून तेथील चरबी सर्वांत शेवटी उतरते. ठरावीक जागेचा व्यायाम करून ठरावीक जागेची चरबी उतरत नाही. पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू बळकट होतात, एवढेच.

कमरेचा घेर मर्यादेबाहेर असेल तर रोजच्या आहारातून 300 ते 500 कॅलरी कमी करून वजन सावकाश उतरू द्यावे. सुरुवात दिवसभराच्या चहांतल्या साखरेपासून केली तरी पुष्कळ होते. घेर मर्यादेत असेल, रक्तातील साखर व रक्तदाब ठीक असेल, आणि तरीही मांड्यांवर किंवा बेंबीखाली थोडी जाडी उरली असेल, तर आहार आणखी तोडू नये असे माझे ठाम मत आहे. ती जाडी आरोग्याला धोका देत नाही, तिच्या मागे लागून येणारा अशक्तपणा मात्र देतो.

घाम काढणारे पोटपट्टे आणि प्लॅस्टिक गुंडाळणे यांनी फक्त पाणी जाते आणि घडीत बुरशी होते. कातडी आवळणाऱ्या क्रीममुळे त्वचा मऊ राहते, पण तुटलेले तंतू जुळत नाहीत. रेडिओफ्रिक्वेन्सी किंवा अल्ट्रासाउंडच्या यंत्रांचा थोड्याशा सैलपणावर थोडासा परिणाम होतो, लोंबणाऱ्या घडीवर ती चालत नाहीत. चरबी गोठवण्याच्या उपचाराने त्या जागेच्या चरबीचा थर साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाने कमी होतो, त्याला दोन-चार महिने लागतात, आणि क्वचित त्याच जागी चरबी उलट वाढून कडक होते. चरबी विरघळवणाऱ्या डीऑक्सिकोलिक आम्लाच्या इंजेक्शनला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2015 मध्ये मान्यता दिली ती केवळ हनुवटीखालच्या चरबीसाठी. पोटावर किंवा मांडीवर तीच सुई टोचून घेण्याचा आग्रह कोणी करत असेल तर तेथून उठून यावे.

शस्त्रक्रियेचा विचार

लोंबणारी कातडी खरोखर कमी करणारा उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे ती कापून काढणे. त्याच्या बदल्यात कायमचा व्रण मिळतो. पोटाच्या शस्त्रक्रियेत, म्हणजे टमी टकमध्ये, एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत आडवा व्रण राहतो, बेंबी नव्याने बसवली जाते आणि दूर सरकलेले स्नायू टाक्यांनी जवळ आणता येतात. पॅनिक्युलेक्टमीमध्ये फक्त खाली लोंबणारी घडी काढतात. दंडाच्या शस्त्रक्रियेचा व्रण काखेपासून कोपरापर्यंत जातो आणि अर्ध्या बाहीच्या कपड्यांत दिसू शकतो. लायपोसक्शन चरबी ओढून घेते, कातडी काढत नाही, त्यामुळे आधीच सैल असलेल्या जागी ते एकटेच केले तर कातडी अधिक सैल दिसते. काढलेल्या कातडीचे वजन बहुधा काही किलोच असते, म्हणून काट्यावर मोठा फरक दिसेल या आशेने ही शस्त्रक्रिया करू नये. पुढे मूल हवे असेल तर पोटाची शस्त्रक्रिया त्यानंतर करावी.

सिगारेट, तंबाखू, गुटखा आणि मिश्री किमान चार आठवडे आधी बंद व्हायलाच हवी, आणि नंतरही तेवढाच काळ. मिश्री लावणाऱ्या स्त्रिया तिला व्यसन मानत नाहीत आणि डॉक्टरांना सांगतही नाहीत. परंतु निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, ताणून शिवलेल्या कातडीच्या कडेला रक्त पोहोचत नाही आणि ती काळी पडून मरते. घरातल्या आईने किंवा आजीने मिश्री लावली असेल तर ती गोष्ट त्यांच्या वतीने डॉक्टरांना सांगावी.

सर्जनकडे प्लॅस्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी असावी आणि त्यांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तपासून घ्यावी. भेटीत काही प्रश्न सरळ विचारावेत. भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर असतील का, अतिदक्षता विभाग त्याच रुग्णालयात आहे का, दरमहा अशा किती शस्त्रक्रिया करता, आणि कातडीखाली पाणी साचले किंवा टाके सुटले तर पुढच्या उपचाराचा खर्च कोण करणार? केवळ यशस्वी रुग्णांचीच छायाचित्रे दाखवणाऱ्याला व्रणांची छायाचित्रेही दाखवायला सांगावे. खाजगी रुग्णालयाचा खर्च झेपत नसेल तर पुण्यातल्या सरकारी ससून सर्वसाधारण रुग्णालयातील प्लॅस्टिक सर्जरी विभागात आधी चौकशी करावी.

आरोग्य विम्यात सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया वगळलेली असते. विमा नियामकाच्या प्रमाणित शब्दरचनेनुसार अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना, आणि थेट व तातडीचा आरोग्यधोका दूर करण्यासाठी डॉक्टरांनी आवश्यक म्हणून प्रमाणित केलेली शस्त्रक्रिया, यांना मात्र अपवाद आहे. घडीखाली वर्षभर होणारा संसर्ग, न भरणाऱ्या जखमा आणि चालताना होणारी अडचण यांच्या तारखांसह चिठ्ठ्या व छायाचित्रे असतील तरच असा दावा मांडता येतो, आणि पूर्वपरवानगीचा अर्ज शस्त्रक्रियेआधीच करावा. तेवढ्याने दावा मंजूर होईलच असे नाही.

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर पहिले एक-दोन आठवडे किंचित वाकूनच चालावे लागते, कातडीखाली साचणारे पाणी निघून जाण्यासाठी नळ्या असतात आणि दाब देणारे कपडे साधारण सहा आठवडे घालावे लागतात. तेवढेच दिवस पाण्याची बादली, गॅसचा सिलिंडर आणि लहान मूल उचलू नये. स्कूटरही डॉक्टरांनी सांगेपर्यंत बंद ठेवावी, कारण गतिरोधकावरचा एक धक्काही ताज्या टाक्यांना झेपत नाही. घरात चार पावले चालणे मात्र पहिल्या दिवसापासून सुरू करावे, कारण पडून राहिल्याने पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. व्रण पूर्ण भरल्यावर सिलिकॉन जेल लावावे आणि त्यावर ऊन पडू देऊ नये. आपल्याकडच्या त्वचेत व्रण जाड होण्याचे प्रमाण अधिक असल्यामुळे, पूर्वी कान टोचल्यावर किंवा लसीच्या जागी गाठ आली असेल तर ते सर्जनला आधीच सांगावे. ताप, व्रणातून पू किंवा एका बाजूला अचानक सूज आली तर त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे. एकाच पायाची पोटरी दुखून सुजली, अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागले तर सकाळची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.